परकी मदत, खाजगी भांडवल आणि उत्पादकाची मालकी

एका देशाच्या लोकांनीं दुसऱ्या देशाच्या लोकांस अडचणींत हात द्यावा, ही गोष्ट नवी नाहीं. परंतु राष्ट्राराष्ट्रांनीं करार करून, वर्षानुवर्षांचे हिशेब ठेवून, एकमेकांच्या शेतीस, आरोग्यास व शिक्षणास साहाय्य करावें ही पद्धति मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली. १९७० सालीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें असा ठराव केला कीं, संपन्न देशांनीं आपल्या राष्ट्रीय उत्पन्नापैकीं शेंकडा ०.७ इतका भाग विकसनशील देशांच्या उन्नतीसाठीं द्यावा. हें प्रमाण गांठणारे देश आजवर बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. सरकारी तिजोऱ्यांतून पुरेसा पैसा येत नाहीं असें दिसल्यावर खाजगी कंपन्यांनींहि या कामांत भाग घ्यावा, हा विचार अधिकाधिक पुढें येत गेला. २०१५ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं २०३० पर्यंत गांठावयाचीं सतरा ध्येयें ठरविलीं. त्यांतील सतरावें ध्येय अशा भागीदारीचेंच आहे. आणि २०१९ सालीं, खाजगी कंपन्यांनीं या कामांत कसें वागावें याविषयीं ‘कंपाला तत्त्वें’ या नांवानें पांच तत्त्वें मांडण्यांत आलीं. ज्या देशांत काम करावयाचें त्या देशाचें नेतृत्व मानावें, परिणामावर दृष्टि ठेवावी, सर्वांस भागीदार करावें, व्यवहार उघडा ठेवावा आणि जो सर्वांत मागें आहे त्यास सोडूं नये, असा त्यांचा सारांश आहे.

हीं तत्त्वें ऐकावयास चांगलीं आहेत. पण शेतकऱ्यापुढें प्रश्न निराळाच असतो. एखाद्या गांवीं परदेशी निधीच्या आधारानें किंवा मोठ्या कंपनीच्या पुढाकारानें योजना येते. बियाणें येतें, यंत्र येतें, शिकविणारीं माणसें येतात. दोन-तीन वर्षें वर्दळ असते. मग मुदत संपते, माणसें निघून जातात, आणि गांवांत काय उरतें? कोठें कायमची संस्था उरते, कोठें गंजलेलें यंत्र उरतें, आणि कोठें तर पूर्वीं शेतकऱ्याच्या हातीं असलेला धंदाच दुसऱ्याच्या हातीं गेलेला असतो. हा फरक कशानें पडतो, हें समजून घेणें हा या लेखाचा हेतु आहे. त्यासाठीं दुधाच्या धंद्याइतकें चांगलें उदाहरण मिळणें कठीण. कारण त्यांत परदेशची देणगी, खाजगी कंपनी, सरकार आणि उत्पादकांचा संघ हे चौघेहि एकाच व्यवहारांत आलेले आहेत, आणि त्याला पुष्कळ वर्षें लोटलीं असल्यामुळें परिणामहि डोळ्यांपुढें आहेत.

घेणारा एकच असला म्हणजे

गुजरातेंतील खेडा जिल्हा पूर्वींपासून म्हशींच्या दुधाबद्दल प्रसिद्ध. आणंद येथें १९३० च्या सुमारास पोलसन या मुंबईच्या कंपनीनें दुग्धालय उभारलें. तिचें लोणी देशभर नांवाजलेलें होतें, आणि आणंदच्या दुधास दूरची बाजारपेठ मिळवून देण्यांत तिचा वांटा होता, हें नाकारण्याचें कारण नाहीं. पुढें १९४५ सालीं मुंबई सरकारनें मुंबई शहरास दूध पुरविण्याची योजना हातीं घेतली. आणंद मुंबईपासून चारशेंहून अधिक किलोमीटर दूर. तेथील दूध तापवून, निर्जंतुक करून, थंड करून आगगाडीनें मुंबईस धाडण्याचें काम या कंपनीकडे आलें, आणि त्यामुळें त्या भागांतील दुधाची खरेदी जवळजवळ तिच्याच हातीं गेली.

येथें दूध या वस्तूचा स्वभाव लक्षांत घेतला पाहिजे. ज्वारीस भाव आला नाहीं तर ती कणगींत ठेवतां येते. कापूस वखारींत ठेवतां येतो. सकाळीं काढलेलें दूध मात्र दुपारपर्यंत वाट पाहत नाहीं. त्यामुळें जेथें घेणारा एकच, तेथें भाव ठरविणाराहि तोच. मुंबईचें गिऱ्हाईक चांगले पैसे मोजत होतें. पण ते पैसे कंपनी आणि तिचे दलाल यांच्या हातांतून झिरपत गोठ्यापर्यंत येतां येतां थोडेच उरत. कोणी दुष्ट होता म्हणून असें होत होतें असें नव्हे. व्यवहाराची रचनाच तशी होती.

उत्पादकांनीं सरदार वल्लभभाई पटेल यांचा सल्ला घेतला. त्यांचा सल्ला असा कीं, स्वतःचा संघ काढा, आणि सरकार संघाचें दूध घेत नसेल तर दूध देणें बंद करा. १९४६ च्या जानेवारींत मोरारजी देसाई यांच्या उपस्थितींत सभा होऊन तसें ठरलें, आणि सुमारें पंधरा दिवस खेड्यांतून दुधाचा थेंब कंपनीस गेला नाहीं. शेवटीं सरकारनें संघाचें म्हणणें मान्य केलें. १४ डिसेंबर १९४६ रोजीं खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल हे त्याचे अध्यक्ष. १९४८ सालीं संघानें काम सुरू केलें, तेव्हां दोन गांवांच्या संस्थांचें मिळून रोजचें सुमारें २५० लिटर दूध येत होतें. हाच संघ पुढें ‘अमूल’ या नांवानें जगास माहीत झाला.

खाजगी कंपनीचें दुसरें रूप

एवढ्यावरून खाजगी कंपनी म्हणजे शेतकऱ्याची वैरीण असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकेल. त्याच संघाच्या पुढील वाटचालींत दुसऱ्या एका खाजगी कंपनीचें साहाय्य फार मोलाचें ठरलें.

हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश इंजिनियरांनीं १९३८ सालीं मुंबईंत ‘लार्सन आणि टुब्रो’ ही कंपनी काढली. डेन्मार्क हा दुग्धव्यवसायांत आणि सहकारांत पुढारलेला देश. तेथील दुग्धालयाचीं यंत्रें ही कंपनी येथें विकीत असे. १९४९ सालीं व्हर्गिस कुरियन हे आणंदास आले, तेव्हां संघाचीं यंत्रें जुनाट होतीं आणि दूध वाटेंतच नासे. कुरियन यांच्या सल्ल्यानें संघानें या कंपनीकडून निर्जंतुकीकरणाचें नवें यंत्र घेतलें व ती अडचण दूर झाली.

त्यानंतर दुसरी अडचण उभी राहिली. हिवाळ्यांत, म्हणजे आपण ज्यास पुष्टकाळ म्हणतों त्या काळांत, दूध उन्हाळ्याच्या दुपटीहूनहि अधिक येई. परंतु मुंबईची मागणी बारा महिने सारखीच. जास्तीचें दूध घेण्यास शहर तयार नसे. या दुधाची भुकटी करून ठेवतां आली असती तर कृशकाळांत ती उपयोगी पडली असती. परंतु म्हशीच्या दुधाची भुकटी होऊंच शकत नाहीं, असें त्या वेळच्या परदेशी तज्ज्ञांचें मत होतें. संघांतील तंत्रज्ञ हरिचंद मेघा दलाया यांनीं डेन्मार्कच्या नीरो कंपनीच्या यंत्रावर प्रयोग करून ती होते हें दाखवून दिलें. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजीं आणंद येथील भुकटी व लोणी यांच्या नव्या कारखान्याचें उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्तें झालें.

दोन कंपन्या दोन्ही खाजगी, दोघींचाहि हेतु नफा मिळविण्याचा. मग फरक कोठें होता? एक कंपनी दूध घेणारी होती, आणि दूध व बाजार यांच्यामध्यें उभी होती. दुसरी कंपनी यंत्र विकणारी होती. तिनें आपल्या मालाची किंमत घेतली, यंत्र चालवून दाखविलें, आणि दुधाच्या मालकीशीं तिचा संबंध उरला नाहीं. होल्क-लार्सन यांस १९७६ सालीं आंतरराष्ट्रीय सामंजस्याबद्दल मॅगसेसे पारितोषिक मिळालें. एका कारखानदारास असें पारितोषिक मिळावें ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. आपलें कसब परक्या देशांत नेऊन, तेथेंच राहून, तेथील माणसांच्या हातीं तें देतां येतें, आणि तसें करीत असतां व्यापारहि नीट चालतो, याचें तें उदाहरण होय.

मदत घेतली, पण मोबदला देऊन

१९५५ च्या कारखान्याचा सर्वच पैसा संघापाशीं नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीनें, म्हणजे युनिसेफनें, यंत्रसामुग्री दिली; कोलंबो योजनेखालीं न्यूझीलंडचेंहि साहाय्य मिळालें. युनिसेफची अट अशी होती कीं, संघानें त्या बदल्यांत जिल्ह्यांतील गरीब मुलांस ठरावीक किमतीचें दूध मोफत वाटावें. ही अट बारकाईनें पाहण्यासारखी आहे. दिलेलें यंत्र संघाच्या मालकीचें झालें. संघाचें कर्तव्य मात्र देणाराकडे नसून आपल्याच जिल्ह्यांतील मुलांकडे राहिलें. अशा मदतींत घेणारास खालीं पाहावें लागत नाहीं.

पुढें १९६४ सालीं कंजारी येथें संघाचा पशुखाद्याचा कारखाना निघाला. त्यास ऑक्सफॅम या इंग्लंडांतील धर्मादाय संस्थेची मदत होती. ही संस्था सामान्य लोकांच्या वर्गणीवर चालते. म्हणजे इंग्लंडांतील साध्या माणसांच्या लहान-लहान देणग्यांतून खेडा जिल्ह्यांतील म्हशींच्या खुराकाची सोय झाली. राष्ट्राराष्ट्रांतील बंधुभाव हा शब्द मोठा आहे. त्याचा अर्थ मात्र पेंडीच्या पोत्याइतका साधा असूं शकतो. त्या कारखान्याच्या उद्घाटनास पंतप्रधान लालबहादुर शास्त्री आले, आदल्या रात्रीं अजरपुरा या खेड्यांत राहिले, लोकांशीं बोलले, आणि संघाच्या यशाचें मूळ त्यांनीं शोधलें. माती, पाऊस, म्हशी या बाबतींत त्या गांवीं विशेष कांहीं नव्हतें. विशेष होती ती मालकी. या धर्तीवर देशभर काम व्हावें म्हणून १९६५ सालीं राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झालें व त्याचें ठाणें आणंद येथेंच ठेवण्यांत आलें.

युरोपांतील लोण्याचा डोंगर

आतां या इतिहासांतील सर्वांत मोठा व सर्वांत धोक्याचा भाग येतो. युरोपांतील सहा देशांच्या आर्थिक संघानें आपल्या शेतकऱ्यांस दुधाचा किमान भाव बांधून दिला होता. बाजारांत भाव पडला तर सरकारी यंत्रणेनें लोणी व भुकटी विकत घ्यावी, असा नियम. भाव निश्चित झाल्यावर दूध वाढलें, खप तितका वाढला नाहीं, आणि १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सरकारी वखारींत लोणी व भुकटी यांचे डोंगर सांचले. हें उत्पादन आवरण्यासाठीं पुढें १९८४ सालीं युरोपास प्रत्येक देशाच्या दुधावर मर्यादा घालावी लागली. ती २०१५ पर्यंत चालू होती.

असा साठा फुकट किंवा मातीमोल भावानें दुसऱ्या देशांत ओतला गेला तर तेथील दुधाचा धंदा बुडतो, हें उघड आहे. शहरांतील माणूस स्वस्त परदेशी भुकटीचें दूध पितो, आणि खेड्यांतील गवळ्याचें दूध पडून राहतें. देणाराच्या मनांत दया असो वा वखार रिकामी करण्याची घाई असो, गोठ्यावर होणारा परिणाम एकच.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानें हें संकट ओळखून तेंच साधन बनविण्याची योजना आंखली. तीच १९७० सालीं सुरू झालेली ‘ऑपरेशन फ्लड’ किंवा दुधाचा महापूर योजना. जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत युरोपीय संघानें १ लक्ष २६ हजार टन साय काढलेल्या दुधाची भुकटी आणि ४२ हजार टन बटर ऑइल देणगी म्हणून दिलें. बटर ऑइल म्हणजे लोण्यांतील पाणी काढून उरलेला निव्वळ स्निग्धांश. आपल्या तुपाचेंच जवळचें रूप. ही भुकटी व हें तेल यांपासून पुन्हां दूध बनवून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथील सार्वजनिक दुग्धालयांनीं तें विकावयाचें, आणि आलेला पैसा खेड्यांतील दूध संघ, शीतकरण केंद्रें, पशुखाद्याचे कारखाने व वाहतूक यांत घालावयाचा, अशी ती योजना होती.

दान विकलें, वांटलें नाहीं

या योजनेचें मर्म एका वाक्यांत सांगतां येतें: दानाची वस्तु फुकट वांटली नाहीं, ती विकली. येथील दुधाचा भाव पडणार नाहीं अशा बेतानें ती विकावयाची, हें तिचें पथ्य होतें. विक्रीचा पैसा सरकारच्या रोजच्या खर्चांत न मिसळतां दुग्धविकासाकडेच गेला. पहिल्या टप्प्यांत असे सुमारें ११६ कोटी रुपये उभे राहिले. त्यांतून चार महानगरें अठरा दूध-क्षेत्रांशीं जोडलीं गेलीं. हा टप्पा पांच वर्षांत संपावयाचा होता; प्रत्यक्षांत त्यास १९८१ साल उजाडलें. दुसऱ्या टप्प्यांत जागतिक बँकेचें कर्जहि घेतलें गेलें, आणि १९८५ अखेर १३६ दूध-क्षेत्रें, ४३ हजार गांव-संस्था व ४२.५ लक्ष सभासद इतका विस्तार झाला. तिसरा टप्पा १९९६ मध्यें संपला.

देणगी खरोखर फळास आली कीं नाहीं याची परीक्षा एकच: देणगी थांबल्यावर काय होतें? योजनेपूर्वीं देशांत दुधाची भुकटी वर्षास सुमारें २२ हजार टन होत असे. १९८९ पर्यंत ती १ लक्ष ४० हजार टनांवर गेली. म्हणजे जी वस्तु परदेशाहून दान म्हणून आली, तीच वस्तु येथील संघ स्वतः करूं लागले. १९६८-६९ सालीं भारतांत सुमारें २ कोटी १२ लक्ष टन दूध होत होतें. २०२३-२४ सालीं तें सुमारें २३ कोटी ९३ लक्ष टन झालें. ही सर्व वाढ एका योजनेमुळें झाली असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. संकरित गाई, पाणी, चारा, वाढती मागणी आणि पुढील काळांतील खाजगी डेअऱ्या यांचाहि तींत वांटा आहे. परंतु गांवच्या दुधास रोजची, खात्रीची व मोजून पैसे देणारी बाजारपेठ सहकारी संघांनीं प्रथम मोठ्या प्रमाणावर दाखवून दिली, यांत शंका नाहीं. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचा ‘गोकुळ’ म्हणून ओळखला जाणारा दूध संघ १९६३ सालींच स्थापन झाला होता. अशा संघांसहि या योजनेच्या काळांत बळ मिळालें.

योजनेवर टीकाहि झाली, आणि ती वाचकांपासून लपवून ठेवणें योग्य नाहीं. क्लॉड अल्वारिस यांनीं १९८३ सालीं तिच्यावर कडक लेख लिहिला. परदेशी भुकटीवर शहरांची दुग्धालयें अवलंबून राहिलीं, तिच्यामुळें येथील दुधाच्या भावास आळा बसला, आणि दूध शहराकडे ओढलें जाऊन खेड्यांतील मुलांच्या वांट्यास कमी आलें, असे टीकाकारांचे आक्षेप होते. सरकारनें लक्ष्मीकांत झा यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली व तिनें १९८४ सालीं योजनेची तपासणी केली. या वादाचा निकाल एका शब्दांत लावतां येणार नाहीं. पण त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते कीं, उत्तम योजनेंतहि दानाची संवय लागण्याचा धोका असतोच, आणि त्यावर उघड चर्चा व तपासणी हाच उपाय होय.

त्याच भुकटीचा दुसरा परिणाम

हा धोका काल्पनिक नाहीं, हें जमैका या वेस्ट इंडीजमधील बेटाच्या अनुभवावरून दिसून येतें. तेथें जागतिक बँकेच्या कर्जाच्या अटींप्रमाणें १९९२ च्या सुमारास परदेशी भुकटीवरील निर्बंध उठविले गेले. युरोपांतील भुकटीस तेथील सरकारांचें अनुदान असल्यामुळें ती जमैकांतील दुधापेक्षां स्वस्त पडे. दुधाचा माल बनविणाऱ्या कंपन्यांनीं ती घेतली. त्यांच्या दृष्टीनें तें शहाणपणाचेंच होतें. शेतकऱ्यांचें दूध मात्र घेणारा उरला नाहीं. कित्येकांनीं तें ओतून दिलें, जनावरें विकलीं, आणि त्या बेटावरील दुधाचें उत्पादन पुढील वर्षांत निम्म्याच्याहि खालीं गेलें.

युरोपांतील वखारींची तीच भुकटी, पण आणंद येथें तिच्यांतून संघ उभे राहिले आणि जमैकांत गोठे ओस पडले. भुकटींत फरक नव्हता. येथें ती उत्पादकांच्या हिताची जबाबदारी असलेल्या मंडळाच्या हातीं आली. तिचा भाव व तिचा पैसा कोठें जावयाचा हें त्यानें ठरविलें. तेथें तीच भुकटी उत्पादकाच्या डोक्यावरून थेट बाजारांत गेली. मदत असो वा व्यापार, वस्तूपेक्षां ती कोणाच्या हातीं येते यावर सर्व अवलंबून असतें.

आपल्याकडील आजची स्थिति

१९९१ नंतर आपल्या देशांत दूधप्रक्रियेचा धंदा खाजगी कंपन्यांस हळूहळू खुला झाला. आज महाराष्ट्रांत संघटित रीतीनें गोळा होणाऱ्या दुधाचा मोठा भाग खाजगी डेअऱ्या घेतात. त्यांत परदेशी भांडवलहि आलें आहे. २०१९ सालीं श्रीरामपूर येथील प्रभात डेअरीचा दूधधंदा फ्रान्सच्या लॅक्टालिस या दुग्धोद्योगाच्या तिरुमला या शाखेनें विकत घेतला.

उत्पादक या डेअऱ्यांकडे कां गेले, याचें उत्तर सहकारी संस्थांनीं प्रामाणिकपणें दिलें पाहिजे. जेथें संस्थेच्या निवडणुका राजकारणाच्या आखाड्यांत गेल्या, पैसे महिना-महिना अडकले, फॅट व डिग्री यांच्या मोजणीवर विश्वास राहिला नाहीं, तेथें वेळेवर पैसे देणारा खाजगी गिऱ्हाईक उत्पादकास बरा वाटला तर दोष कोणाचा? नांव सहकारी असल्यानें मालकी आपोआप सभासदाची होत नाहीं. ती रोजच्या हिशेबानें राखावी लागते.

मात्र खाजगी डेअरीची मर्यादाहि ओळखली पाहिजे. परदेशी बाजारांत भुकटीचा भाव कोसळला म्हणजे येथील खरेदीचा दर पडतो. २०१८ च्या जुलैंत महाराष्ट्रांतील दूध उत्पादकांनीं दूध रोखून धरलें, तें अशाच मंदीमुळें. आणि सरकारनें लिटरमागें ५ रुपयांचें साहाय्य जाहीर केल्यावर तें आंदोलन थांबलें. तेजीच्या वर्षांत खाजगी गिऱ्हाईक चार पैसे अधिक देतो. मंदीच्या वर्षांतला तोटा मात्र गोठ्यावर येऊन पडतो. उत्पादकांची स्वतःची संस्था असेल आणि तेजींत तिनें राखीव निधि बांधला असेल, तर मंदींत तिला टेका असतो. खाजगी डेअऱ्यांशीं तिनें स्पर्धा केली तरी चालेल, त्यांस दूध विकलें तरी चालेल. पण ती असली पाहिजे. २००२ च्या कायद्यानें उत्पादक कंपनी काढण्याचीहि सोय झाली आहे. तींत भागधारक उत्पादकच असूं शकतात. सहकारी संस्था नको असेल तर हा दुसरा मार्ग मोकळा आहे.

योजना दारीं आली असतां

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. परदेशी निधीची अथवा मोठ्या कंपनीची योजना गांवीं आली असतां ती नाकारावी काय? तसें करणें मूर्खपणाचें होईल. युनिसेफचें यंत्र, ऑक्सफॅमची मदत, डेन्मार्कचें कसब आणि युरोपची भुकटी नाकारली असती तर आणंदचा संघ आज आहे तसा झाला नसता. परंतु सही करण्यापूर्वीं गांवानें कांहीं गोष्टी विचारून घ्याव्या.

पहिली गोष्ट, योजनेंतून जें उभें राहील तें कोणाच्या नांवावर होणार? गोदाम, शीतकरणाची टांकी, यंत्र, जमविलेली माहिती हीं संस्थेच्या मालकीचीं होणार असतील तर मदत गांवांत राहील. देणाराच्या नांवावर राहणार असतील तर तीं त्याच्याबरोबर जातील. दुसरी गोष्ट, माप व भाव कोण ठरविणार? आणंदच्या पद्धतींत प्रत्येक उत्पादकाचें दूध गांवांतच त्याच्या डोळ्यांदेखत तपासलें जाई व त्याप्रमाणें पैसे मिळत; हाच त्या विश्वासाचा पाया. मोजणी दुसऱ्याच्या बंद खोलींत होणार असेल तर करारांतील बाकीचीं चांगलीं वाक्यें निरर्थक आहेत. तिसरी गोष्ट, देणगीच्या वस्तूमुळें गांवांतील त्याच वस्तूचा भाव पडणार नाहीं ना? फुकट बियाणें, फुकट खत, फुकट भुकटी ही आज गोड लागते. ती संपल्यावर पूर्वींचा विकणारा उरलेला नसतो. चौथी गोष्ट, मुदत संपल्यावर खर्च कशांतून चालणार? याचें उत्तर पहिल्याच दिवशीं लेखी मागावें. आणि पांचवी गोष्ट, सभासदास आपला माल दुसरीकडे नेण्याची मोकळीक राहील काय? घेणारा एकच असला म्हणजे काय होतें, हें १९४५ च्या आणंदनें आपल्यास शिकविलेंच आहे.

हे प्रश्न विचारल्यानें चांगला देणारा कधीं रागावत नाहीं. कंपाला तत्त्वांचाहि रोख याच दिशेनें आहे. जो रागावतो, त्याची मदत घेण्यापूर्वीं पुन्हां विचार करावा.

राष्ट्राराष्ट्रांतील सहकार्य आणि खाजगी उद्योगाचें कसब यांची शेतीस गरज आहे व पुढेंहि राहील. पण दोन्ही पावसासारखीं आहेत. बांध घातलेल्या शेतांत पाऊस मुरतो व पीक देतो. बांध नसेल तर तोच पाऊस माती घेऊन जातो. उत्पादकांची स्वतःची, हिशेबानें चोख चालणारी संस्था हा तो बांध होय. बाहेरचा माणूस तो बांधण्यास हातभार लावूं शकेल. बांध घालावयाचा तो शेतकऱ्यानेंच, आणि तोहि पावसापूर्वीं.